बोटांना सापडणारी पाटी

सार्वजनिक इमारतीतील पाटी डोळस माणसाला लांबूनच दिसते. दृष्टिहीन माणसाला मात्र ती आधी शोधावी लागते, आणि ती कुठे असेल याचा अंदाजच बांधता येत नसेल, तर तिच्यावरचा मजकूर कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग होत नाही. रुग्णालये, न्यायालये, रेल्वे स्थानके अशा ठिकाणी आता ब्रेल पाट्या लागू लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांचा विचार बहुधा मजकुरापासून सुरू होतो आणि मजकुरापाशीच थांबतो, वास्तविक स्पर्शाने वाचायच्या पाटीचा विचार जागेपासून सुरू व्हायला हवा.

अमेरिकेत अपंगत्वविषयक कायदा १९९० साली झाला आणि त्याखालील २०१० च्या मानकांत ही जागा नेमकेपणाने ठरवून दिलेली आहे. दालनाची पाटी सर्वसाधारणपणे दारावर न लावता शेजारच्या भिंतीवर, मूठ किंवा कडी ज्या अंगाला असते त्या अंगाला लावावी आणि तिच्यावरील स्पर्शाक्षरे जमिनीपासून १,२२० ते १,५२५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात असावीत, असा तो नियम आहे. त्यामागचे कारण सरळ आहे: बोटांनी वाचणारा माणूस पाटीच्या अगदी जवळ उभा असतो, आणि पाटी दारावर असेल तर आतून कोणी दार उघडताच ते त्याच्या तोंडावर आदळू शकते. शिवाय मूठ शोधणारा हात सहजच तिच्या बाजूच्या भिंतीकडे वळतो. पाटीसमोर उभे राहण्यापुरती जागा मोकळी ठेवण्याची अटही या मानकांत आहे. कचऱ्याचा डबा, फुलझाडाची कुंडी किंवा पहारेकऱ्याची खुर्ची तिथे आली की पाटी असूनही नसल्यासारखी होते. एका इमारतीतील सर्व पाट्या एकाच उंचीवर आणि दाराच्या एकाच अंगाला असल्या, तर दुसऱ्या-तिसऱ्या दारापासूनच हाताला त्यांचा ठाव लागतो. हा एकसारखेपणा साधायला फारसा खर्च येत नाही, आणि तरीही बहुतेक ठिकाणी तोच आढळत नाही.

लुई ब्रेल यांनी १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या लिपीत प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या एका चौकटीत बसते. ठिपके दोन उभ्या ओळींत, प्रत्येकी तीन असे असतात आणि त्यांपैकी कोणते उठावलेले आहेत यावरून अक्षर ओळखले जाते. शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये साधारण अडीच मिलिमीटर अंतर असते. संपूर्ण चौकट बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावावी, म्हणून हे माप ठरलेले आहे, आणि म्हणूनच छापील अक्षराप्रमाणे ब्रेल अक्षर मोठे करता येत नाही. पाटी उठून दिसावी म्हणून ठिपके मोठे व विरळ केले, तर ती डोळ्यांना ब्रेल वाटते, पण बोटांना वाचता येत नाही. याहून गंभीर चूक म्हणजे ठिपके केवळ शाईने सपाट छापणे किंवा पाटीवर काच बसवणे. ठिपक्यांचे माथे गोलसर हवेत, कारण धारदार कडा बोटांना टोचतात. आणि महाराष्ट्रातील उन्हाळा लक्षात घेता, उघड्यावरच्या पाटीसाठी पोलादी पत्रा निवडण्यापूर्वी भर दुपारी त्याला हात लावून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

मराठी पाटीच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल ही लिपी अक्षराच्या आकारावर नव्हे तर उच्चारावर आधारलेली आहे, त्यामुळे मराठी ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांचे ठिपके सारखेच असतात. मात्रा आणि वेलांट्या येथे स्वतंत्र स्वर म्हणून व्यंजनानंतर लिहिल्या जातात. म्हणजे ‘कि’ लिहिताना छापील अक्षरात आधी येणारी वेलांटी ब्रेलमध्ये ‘क’नंतर येते, तर जोडाक्षरातील हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते. देवनागरी मजकुरातील एकेका चिन्हाच्या जागी ठिपके बसवत गेल्यास त्यामुळे चुका होतात आणि ब्रेल न जाणणाऱ्याला त्या दिसतही नाहीत. अंकांची गोष्ट मात्र सोपी आहे. आधी अंकचिन्ह आणि मग इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या दहा अक्षरांचे ठिपके, ही पद्धत भारती ब्रेलमध्येही तशीच आहे, म्हणून खोलीचा किंवा मजल्याचा क्रमांक मराठी, तमिळ किंवा इंग्रजी ब्रेल जाणणाऱ्या कोणालाही वाचता येतो. जिथे भाषेबद्दल एकमत होत नसेल, तिथे निदान क्रमांक तरी ब्रेलमध्ये असण्यात काहीच अडचण नसावी.

तथापि प्रत्येक दृष्टिहीन व्यक्तीला ब्रेल येते, हा समज चुकीचा आहे. उतारवयात किंवा मधुमेहामुळे दृष्टी गमावलेल्यांपैकी अनेकांना ती शिकण्याची संधीच मिळालेली नसते. त्यांना पूर्वी डोळ्यांनी ओळखलेली अक्षरेच उठावात हवी असतात. रोमन लिपीसाठी सुटी, मोठी, साधी अक्षरे वापरण्याचा प्रघात आहे, पण देवनागरीत शिरोरेषा सगळी अक्षरे बांधून ठेवते आणि बोटाला एक सलग कड लागते, जोडाक्षरांत तर बारकावे एकमेकांत मिसळतात. म्हणून मजकूर एकदोन शब्दांपुरता ठेवून अक्षरांमध्ये पुरेशी मोकळीक देणे इष्ट. अंशतः दिसणाऱ्यांसाठी, ज्यांची संख्या पूर्ण अंधांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, अक्षर व पार्श्वभूमी यांच्या रंगांत ठळक फरक आणि चकाकी नसलेला पृष्ठभाग लागतो. प्रसाधनगृहांसाठी भारतीय मार्गदर्शक सूचनांत पुरुषांसाठी त्रिकोणात आणि स्त्रियांसाठी वर्तुळात उठावदार चित्रखूण सुचवलेली आहे. ज्याला कोणतीच लिपी येत नाही, त्यालाही हा फरक हाताने कळतो.

दारापर्यंत पोहोचवणारी वाट हा याच व्यवस्थेचा भाग आहे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली उठावाच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथील अंधशाळेजवळ त्या प्रथम बसवण्यात आल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला आणि गोल उंचवटे म्हणजे सावध व्हा, हा त्यांचा संकेत आज जगभर रूढ आहे. त्यांचा माग प्रवेशद्वारापासून चौकशी कक्ष, लिफ्ट आणि जिन्यापर्यंत अखंड जायला हवा. लिफ्टमध्ये कळींशेजारी ब्रेल असण्याबरोबरच प्रत्येक मजल्यावर दाराच्या चौकटीच्या दोन्ही अंगांना मजल्याचा क्रमांक उठावात असावा, कारण बाहेर पडताना आपण बरोबर मजल्यावर आहोत ना, याची खात्री तिथेच होते. सपाट स्पर्शपटलाच्या नव्या लिफ्ट या दृष्टीने एक पाऊल मागे टाकतात. प्रवेशाजवळचा उठावाचा नकाशा उपयुक्त असतो, पण हात त्याचा एकेक तुकडा टिपत जातो आणि सगळे चित्र मनात जुळवावे लागते, म्हणून त्यात केवळ मुख्य मार्ग, जिना, लिफ्ट, प्रसाधनगृह आणि वाचक उभा असलेली जागा एवढेच दाखवणे हिताचे. नकाशाची दिशा इमारतीच्या दिशेशी जुळती नसेल, तर तो उलट दिशाभूल करतो.

भारतात लिफ्टमधील ब्रेल चिन्हांचा उल्लेख १९९५ च्या कायद्यातच होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही, तर कलम ४५ अन्वये जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती; नियम २०१७ मध्ये आले आणि ती मुदत उलटून गेली. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात बंधनकारक किमान अटींऐवजी केवळ मार्गदर्शक सूचना होत्या, आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष आखण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. अशा निकषांत तपासणीच्या रीतीचाही समावेश असणे अत्यंत आवश्यक आहे. पाट्यांची पाहणी आज डोळस अभियंता डोळ्यांनी करतो, आणि सपाट छापलेले, उलटे बसवलेले किंवा चुकीचे ब्रेल त्याच्या नजरेतून सहज सुटते. पूर्णत्वाच्या दाखल्याआधी ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीने फाटकापासून वरच्या मजल्यावरील दालनापर्यंत एकट्याने जाऊन दिलेला लेखी अभिप्राय जोडण्याची अट घातली, तर या चुका वापर सुरू होण्यापूर्वीच दुरुस्त करता येतील.