पाठकोऱ्या कागदाचं गणित

फोटोकॉपीच्या कागदाचं एक रिम घरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहा. अडीच किलोच्या आसपास भरेल. ए-झिरो आकाराचा ताव एक चौरस मीटरचा असतो आणि ए-फोर हा त्याचा सोळावा भाग. चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या नेहमीच्या कागदाचं एक पान म्हणून बरोबर ५ ग्रॅमचं, चमचाभर साखरेइतकं. आता १,२०० विद्यार्थ्यांच्या शाळेनं पालकांना एकपानी सूचना धाडली, की सहा किलो कागद गेला. आठवड्याला एक धरली तरी चाळीस आठवड्यांत २४० किलो!

हीच सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर ती बचत जवळपास निर्भेळ. फोन आधीच खिशात आहे, त्यासाठी नवं काही घ्यावं लागलं नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो ‘पेपरलेस’ होण्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती नवा टॅबलेट द्यायचं ठरतं तेव्हा.

ढोबळ हिशेब मांडू. किलोभर कागद तयार होताना साधारण एक ते दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक टॅबलेट घडवताना, म्हणजे खाणीतल्या धातूपासून चिप आणि पडद्यापर्यंत, साधारण ६० किलो. मुलाला वर्षाला दहा किलो, म्हणजे दोन हजार पानं लागतात असं धरलं, तर टॅबलेटचं हे कर्ज फिटायला तीन ते सहा वर्षं हवीत. यात चार्जिंगची वीज धरलेलीच नाही, आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते. रोज चार्ज होणारी बॅटरी मात्र तीन-चार वर्षांत दमू लागते. दोन वर्षांत अडगळीत गेलेला टॅबलेट पर्यावरणाच्या खात्यावर तोटाच मांडून जातो.

कागद म्हणजे तोडलेलं जंगल, हेही अर्धंच खरं. आपल्याकडचा बराच कागद रद्दीपासून बनतो, काही उसाच्या चिपाडापासून, तर काही शेतकऱ्यांनी बांधावर-शेतात लावलेल्या सुबाभूळ आणि निलगिरीपासून. कारखान्यात पाणी, रसायनं आणि इंधन भरपूर लागतं, म्हणून कागद जपून वापरायचा. पण वापरून झाल्यावर तो न्यायला रद्दीवाला दारात येतो, आणि त्यातले तंतू पाच-सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची तऱ्हा वेगळी. २०२२ मध्ये जगभरात तो ६.२ कोटी टन निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे.

शिवाय पडदा आला म्हणजे कागद गेला, असं नसतं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं आणि निकाल रखडले, हे अनेकांच्या लक्षात असेल. मुलांनी उत्तरं मात्र कागदावरच लिहिली होती, नंतर ती स्कॅन झाली. गठ्ठ्यांची ने-आण कमी झाली असेल, पण कागद होता तेवढाच लागला.

तेव्हा शाळेनं टॅबलेट घेण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. किती वर्षं चालेल? बॅटरी बदलून मिळेल का? बिघडल्यावर परत कोण नेईल? उत्तरं समाधानकारक असतील आणि एकच टॅबलेट दिवसभरात तीन-चार वर्गांच्या हातात फिरणार असेल, तर हिशेब जमतो. सूचना, अर्ज, फीच्या पावत्या, हजेरीपट हे आहे त्याच संगणकावर आजच नेता येईल. आणि जे छापायचंच आहे, ते दोन्ही बाजूंनी छापलं की कागद निम्म्यावर येतो.

‘पाठकोरा’ हा शब्द मराठी घरांत उगाच रुळलेला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची, पाठकोरे कागद त्यांत घालायचे आणि दाभणानं शिवून कच्ची वही करायची. पुढच्या वर्षीची गणितं त्यात सुटायची. त्या वहीला नवीन लागायचा तो फक्त हातभर दोरा.