वानराच्या भुकेचं बटण

काटोलच्या संत्राबागेत वानरांचा कळप उतरला, की झाडाखाली अर्धवट खाऊन टाकलेल्या फळांचा सडा पडतो. बागवान चिडून म्हणतो, "यायच्या डोक्यातलं भुकेचं बटनच बिघडलं हाये!"

मेंदूत असं बटण असतं, असं एके काळी शरीरशास्त्रही जवळपास सांगत होतं. त्याच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. १९५१ मध्ये बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा बाजूचा भाग दोन्हीकडून विजेने निकामी केला. उंदरांनी खाणं सोडलं. त्या भागाला 'भुकेचं केंद्र' हे नाव पडलं. पुढे आनंद यांनी भारतात मांजरं आणि माकडांवरही असेच प्रयोग केले. ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

निरीक्षणं खरीच होती. पण विजेने त्या जागेच्या पेशींबरोबर तिथून नुसते पुढे जाणारे डोपामाइनचे तंतूही तुटतात, आणि ते तुटले की प्राण्याची हालचालीची ऊर्मीच मावळते. शिवाय तिथल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी (त्या १९९८ मध्ये कळल्या) भुकेइतकंच जागेपणही सांभाळतात. भूक चाळवणाऱ्या आणि भूक शमवणाऱ्या पेशी तर हायपोथॅलॅमसच्या तळाशी, आर्क्युएट या पुंजात, एकमेकींच्या शेजारी मिसळून बसलेल्या असतात. कापून वेगळं करावं असं केंद्र तिथे नाही.

'न्यूक्लियस' या शब्दानेही विद्यार्थ्यांची फसगत होते. पेशीच्या आतल्या केंद्रकाशी याचा संबंध नाही. मेंदूच्या रचनेत न्यूक्लियस म्हणजे हजारो चेतापेशींचा पुंज.

हायपोथॅलॅमस ही ग्रंथी आहे, हा समजही सर्रास आढळतो. तो मेंदूचाच भाग आहे. मात्र त्याच्या सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेंट्रिक्युलर पुंजांतल्या मोठ्या चेतापेशी स्वतः संप्रेरकं बनवतात. व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन पीयूषिका ग्रंथीचा मागचा भाग तयार करतो, असं अनेक जण सांगतात. खरं तर ती इथे बनतात, पेशींच्या लांब तंतूंतून खाली उतरतात आणि मागच्या भागातून फक्त रक्तात सोडली जातात. विदर्भाच्या मे महिन्यात पाणी आटलं, रक्त दाट झालं, की याच पेशी व्हॅसोप्रेसिन वाढवून मूत्रपिंडाला पाणी राखायला लावतात. या पेशींविषयी मला फार कौतुक वाटतं. वानर असो की बागवान, दोघांच्याही डोक्यात त्या हेच काम करतात.

पुस्तकांतल्या नकाशांबाबत मात्र सावध राहायला हवं. 'माकडाचा हायपोथॅलॅमस' म्हणून जे छापलं जातं ते बहुतेक लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाचं किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदांचं असतं. काटोलच्या बागेत येतं ते काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. ते पाला आंबवून पचवतं, त्यासाठी त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. ऱ्हीससचं पोट साधं. भुकेच्या पेशींना पोटाकडून येणारे निरोप दोघांत सारखेच असतील, असं त्या नकाशावरून धरून चालता येत नाही.