भेंडीच्या ५२ बिया आणि माझा फसलेला प्रयोग

दिवाळीत गावी गेले होते तेव्हा आजीने राखेत ठेवलेली भेंडीच्या बियांची डबी दिली. "तीन वर्षं झाली गं, उगवतात का बघ तुझ्या शहरात." मोजल्या तर ५२ निघाल्या. ही आमच्याकडची जुनी गावरान भेंडी. आता गावात कुणीच लावत नाही, सगळे दुकानातून पाकीट आणतात. म्हणजे या ५२ गेल्या तर विषय संपला.

पीएचडीची पेट आणि मुलाखत देणारे बरेच जण मला विचारतात, "मेथडॉलॉजी कशी वाचायची?" पुस्तकं वाचाच. पण कंट्रोल, रँडमायझेशन, सॅम्पल साईज हे शब्द मला खरे कळले ते या डबीमुळे, आणि तेही आधी माती खाऊन. म्हणून आज ते सविस्तर सांगते.

भेंडीच्या बीचं कवच कठीण असतं. भेंडी कापसाच्या कुळातली, माल्व्हेसी. या कुळातल्या बऱ्याच बियांचं कवच पाणी सहज आत घेत नाही आणि बी जास्त वाळलं की ते आणखी घट्ट होतं. म्हणून घरोघरी सांगतात की बी रात्रभर भिजवून लावा. मला वाटलं, चला, तपासून बघू.

जानेवारीत १० बिया रात्रभर भिजवल्या, १० कोरड्याच ठेवल्या. भिजवलेल्या काळ्या ट्रेमध्ये लावून गॅलरीच्या कठड्यावर ठेवल्या. कोरड्या पांढऱ्या ट्रेमध्ये. तो ट्रे कठड्यावर मावेना म्हणून खाली, वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवला. बारा दिवसांनी भिजवलेल्यांपैकी ८ उगवल्या होत्या, कोरड्यांपैकी ५. मी खूश! घरच्या ग्रुपवर लगेच टाकलं, "सिद्ध झालं, भिजवूनच लावा." न उगवलेल्या ७ बिया मातीसकट कुंडीत उलट्या केल्या आणि ट्रे धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मॅडमना हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तू तपासलंस काय, बी की ट्रे?"

भेंडी उष्ण हवेतलं पीक आहे. माती २५ ते ३५ अंश असली की बी झपाट्याने रुजतं, १६-१७ अंशांच्या खाली जवळजवळ ठप्प होतं. जानेवारीतली पुण्याची रात्र आठवा. कठड्यावरच्या काळ्या ट्रेला दिवसभर ऊन होतं, खालच्या पांढऱ्या ट्रेला सावली. आता फरक भिजवण्यामुळे पडला की उन्हामुळे, हे त्या आकड्यांवरून कुणालाही सांगता येणार नाही. दोन कारणं एकमेकांत अशी अडकली की सुटी करता येत नाहीत, याला कन्फाउंडिंग म्हणतात. व्याख्या मला नेटच्या वेळी पाठ होती. ट्रे ठेवताना ती डोक्यात आली नाही, एवढंच.

यात आणखी एक मेख आहे. मला वाटत होतं की माझ्याकडे प्रत्येक गटात १० नमुने आहेत. पण भिजवलेल्या सगळ्या बिया एकाच ट्रेमध्ये होत्या. ट्रेला ऊन मिळालं की दहाही जणींना मिळालं, पाणी जास्त झालं की दहाही जणी बुडाल्या. त्या एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या. ट्रे हे एकक धरलं तर माझा नमुना एका गटात फक्त १! स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच चुकीवर एक गाजलेला पेपर लिहिला आणि तिथून स्यूडोरेप्लिकेशन हा शब्द सगळीकडे गेला. खोटी पुनरावृत्ती म्हणा हवं तर. सिनॉप्सिस लिहिताना स्वतःला विचारा, मी उपचार कशाला दिला? बीला, ट्रेला, कुंडीला की अख्ख्या वाफ्याला? ज्याला दिला ते तुमचं एकक.

आणि समजा ट्रेचा घोळ नसता, तरी ८ विरुद्ध ५ म्हणजे काय? फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावली तर पी व्हॅल्यू सुमारे ०.३५ येते. म्हणजे भिजवण्याचा काडीचा परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरातून ३५ वेळा दिसला असता. हेच प्रमाण ४०-४० बियांत मिळालं असतं, ३२ विरुद्ध २०, तर तीच व्हॅल्यू साधारण ०.०१ वर आली असती. टक्केवारी तीच असूनही पुरावा वेगळा, तो असा. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळा उगवणचाचणीला ४०० बिया घेतात ते उगीच नाही. माझ्याकडे उरल्या होत्या ३२.

बी थोडं असलं की काय करायचं? संशोधनात हे रोजचं आहे. दुर्मिळ आजाराचे रुग्ण, जुन्या हस्तलिखिताची पानं, महागडा अभिकर्मक, मनासारखा नमुना कधीच मिळत नाही. पण भेंडीच्या बाबतीत एक सोय आहे. चाचणीत उगवलेलं बी वाया जात नाही, त्याचं रोप लावता येतं. फक्त भेंडीला सोटमूळ असतं आणि ते तुटलं की रोप बसतं. पहिल्या खेपेची १३ रोपं मी मोठी झाल्यावर उपटून कुंडीत लावली आणि एकही तगलं नाही. यंदा दोन पानांवर असतानाच, कप्प्यातल्या मातीच्या गोळ्यासकट हलवायची असं ठरवलं. ज्यांच्याकडे भरपूर बी आहे त्यांनी हा खटाटोप न करता सरळ कुंडीतच दोन सेंटीमीटर खोल टोचावं.

मार्चमध्ये एकच ३२ कप्प्यांचा ट्रे घेतला. चार ओळी, ओळीत आठ कप्पे. प्रत्येक ओळीत ४ भिजवलेल्या आणि ४ कोरड्या, पण कुठल्या कप्प्यात कुठली हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ओळ म्हणजे ब्लॉक. कठड्याकडच्या ओळीला ऊन जास्त मिळालं तरी ते दोन्ही गटांना सारखंच मिळणार. भिजवणं १२ तास. दिवसभराहून जास्त ठेवलं तर बीला प्राणवायू कमी पडतो आणि ते कुजायला लागतं.

"उगवलं" म्हणजे काय, हेही आधी वहीत लिहिलं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मूळ दोन मिलिमीटर बाहेर आलं की उगवलं धरतात. बीजपरीक्षणवाले निरोगी रोप मागतात. मी ठरवलं, दोन्ही बीजपत्रं मातीवर पूर्ण उघडली तरच. मोजणी रोज सकाळी आठला, १४ दिवस.

चौदाव्या दिवशी भिजवलेल्या १६ पैकी १३, कोरड्या १६ पैकी ११. हा काही फरक नव्हे. पण पाचव्या दिवशी आकडे होते १० आणि ३. त्याची टेस्ट केली तर पी व्हॅल्यू ०.०३ च्या आसपास. मोह झालाच, "भिजवल्याने उगवण वाढते" असं लिहून टाकायचा. पण पाचवा दिवस मी आधी ठरवला नव्हता. चौदा दिवसांच्या नोंदी चाळून त्यातला सगळ्यात देखणा दिवस उचलला होता. चौदा वेळा नाणं फेकून आवडलेली फेक दाखवण्यासारखंच ते. त्यामुळे माझं वाक्य एवढंच: शेवटच्या उगवणीत फरक दिसला नाही, भिजवलेलं बी लवकर वर येत असावं, ते वेगळ्या प्रयोगाने तपासावं लागेल.

मग उरलेल्या आठ. यावेळी फेकल्या नाहीत, चिमट्याने उकरून काढल्या. तीन कुजून पिठूळ झाल्या होत्या. पाच मात्र जशा पेरल्या तशाच टणक, न फुगलेल्या. नेलकटरने त्यांचं कवच एका बाजूला जरासं टवकलं, नाभीची बाजू सोडून, आणि ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी फुगल्या, आठवड्यात चार रुजल्या. म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्याच, फक्त पाणी आत शिरत नव्हतं. पाचपैकी चार बिया कोरड्या गटातल्या होत्या. आकडा छोटा आहे, पण पुढच्या प्रयोगाचा प्रश्न यातूनच मिळाला.

हे बघितल्यावर जानेवारीत उलट्या केलेल्या त्या ७ बिया आठवल्या. त्यातल्या किती जिवंत होत्या, आता कळणार नाही. "उगवलं नाही" आणि "मेलं" हे मी एकाच रकान्यात टाकलं होतं. तुमच्या डेटात असे दोन वेगळे शून्य एकाच खणात पडलेत का, ते जरूर बघा.

गॅलरीत जागा सहा कुंड्यांपुरतीच, बाकी रोपं मैत्रिणींना वाटली. पन्नासेक दिवसांत फुलं आली. मेमध्ये दोन झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू, आपल्याकडे केवडा म्हणतात तो. गावरान बी का मागे पडलं याचं हे एक खरं कारण. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा दुसऱ्या एका प्रजातीशी संकर करून परभणी क्रांती काढली ती याच रोगाला तोंड देण्यासाठी. शेतकऱ्यांनी ती उचलली यात त्यांचं काही चुकलं नाही. जुनं ते सगळं सोनं, असं मला तरी वाटत नाही. पण जुनं बी शिल्लक असलेलं बरं.

ती दोन झाडं उपटली. उरलेल्या चारांवर बी धरायचं होतं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. परागण बहुतेक स्वतःचं स्वतः होतं, पण मधमाशा शेजारच्या हायब्रीडचे परागही आणतात. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीवर कागदी पिशवी बांधली आणि फूल गळल्यावर त्या फळाला लाल दोरा. दोऱ्याची फळं तोडायची नाहीत, असं घरात सगळ्यांना बजावलं, तरी एक भाजीत गेलंच. बाकीची महिनाभर झाडावरच वाळू दिली.

जूनअखेर मोजल्या, २३८ बिया. दोनशे डबीत राखेत ठेवून आजीकडे पाठवल्या. ३८ माझ्याकडे आहेत: १९ टवकून, १९ न टवकता. यावेळी मोजायचा दिवस आधीच लिहून ठेवलाय, सहावा.