बिघाडाचा कोड आणि बिघाडाचे मूळ

अधिक शक्तीसाठी टर्बोचा दाब वाढवलेल्या, एक्झॉस्ट बदललेल्या किंवा ईसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, रिमॅपिंग केलेल्या मोटारींविषयी सर्वांत चिवट गैरसमज असा, की ‘चेक इंजिन’चा दिवा लागल्यावर स्कॅनरवर उमटणारा कोड म्हणजे नादुरुस्त भागाचे नावच होय. वस्तुतः ईसीयूला कोणते मोजमाप अपेक्षेबाहेर आढळले एवढेच कोड नोंदवतो. पी०१७१ हा नेहमी दिसणारा कोड मिश्रण ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, असल्याचे सांगतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी ईसीयूला ठरावीक मर्यादेपलीकडे इंधन वाढवावे लागले, की हा कोड पडतो. ते का वाढवावे लागले, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो आणि गॅरेजमध्ये त्याचे उत्तर बहुधा नवा ऑक्सिजन सेन्सर बसवून दिले जाते, जरी त्या बिचाऱ्या सेन्सरने आपले काम चोख बजावलेले असले तरी.

हा सेन्सर इंधन मोजत नाही, तो धुरातील ऑक्सिजन मोजतो, आणि निदानातला निम्मा गोंधळ या एका गोष्टीच्या विस्मरणातून होतो. नवा डाउनपाइप बसवताना सेन्सरच्या अलीकडची गॅस्केट नीट न बसल्यास धुराच्या लहरींमधील कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण लीन असल्याचे कळवतो आणि ईसीयू योग्य मिश्रणातच आणखी पेट्रोल ओततो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी न पडल्यासही असेच घडते. न वापरलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पेट्रोल भरपूर असूनही नोंद लीनची होते.

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्ससारख्या, आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या टर्बो मोटारींत एकाच भोकाची दोन परस्परविरुद्ध लक्षणे दिसतात. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, दाखवणारे गेज बसवण्यासाठी इनटेक मॅनिफोल्डच्या रबरी नळीत ‘टी’ घातलेला असतो आणि उष्णतेने कडक झालेली ती नळी नेमकी त्याच्या तोंडाशी चिरते. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असल्याने न मोजलेली हवा आत शिरते व मिश्रण लीन होते. टर्बोने दाब भरल्यावर मात्र मोजलेली हवा त्याच चिरेतून बाहेर निसटते, पेट्रोल तिच्या हिशेबाने पडतच राहते आणि मिश्रण ‘रिच’ होऊन एक्झॉस्टमधून काळा धूर निघतो. अशा वेळी इंजेक्टर किंवा फ्युएल पंपावर संशय घेण्याआधी बंद इंजिनाच्या इनटेकमध्ये मर्यादित दाबाची हवा भरून, पंक्चरवाला ट्यूब तपासतो त्याप्रमाणे, प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फिरवणे अधिक शहाणपणाचे असते. आवाजाच्या हौसेने बसवलेला, हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही अशा मोटारीत निरुपद्रवी नसतो, कारण मोजलेली हवा तोही फेकून देतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच मिश्रण क्षणभर रिच होऊन इंजिन अडखळते.

विद्युत बिघाडांबाबत मल्टिमीटरची ‘कंटिन्युइटी’ची शिट्टी वाजली म्हणजे अर्थिंग उत्तम, ही समजूत जवळजवळ सार्वत्रिक आहे. ती शिट्टी वायरीची एक तारही शाबूत असली तरी वाजते. वजनाची विभागणी सुधारण्यासाठी बॅटरी डिकीत हलवलेल्या मोटारीत रंगावर कसलेल्या अर्थच्या बोल्टमुळे केवळ ०.०१ ओहमचा रोध निर्माण झाला, तरी स्टार्टर २०० अँपिअर ओढत असताना तेथे २ व्होल्ट वाया जातात. आणि साधा मल्टिमीटर एवढा लहान रोध विश्वसनीयपणे मोजूच शकत नाही. म्हणून चाचणी भार असतानाच घ्यावी लागते: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल मारला असता आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगच्या मार्गात आहे. मोठा फ्युएल पंप मूळच्या बारीक वायरीवर चालवला असता हाच ऱ्हास तेथेही होतो. अल्टरनेटरपाशी १४ व्होल्ट दिसत असूनही पंपापर्यंत कमी व्होल्टेज पोहोचते आणि नेमक्या पूर्ण बूस्टच्या क्षणी पेट्रोल अपुरे पडते. वारंवार फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे ही तर दुरुस्ती नव्हेच, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

बूस्ट वाढवल्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिन ‘मिसिंग’ करू लागले, की दोष इग्निशन कॉइलला दिला जातो. प्रत्यक्षात सिलिंडरमधील दाब वाढल्याने स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते, आणि पुष्कळदा ०.८ मिलिमीटरची फट ०.६ च्या आसपास आणल्यावर जुनी कॉइलच पुरेशी ठरते.

इंधनाविषयीचा, अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक ताकद हा समजही अर्धवट आहे. ऑक्टेन हे केवळ नॉकिंगला, म्हणजे मिश्रणाच्या अवेळी भडकण्याला, होणाऱ्या विरोधाचे माप आहे आणि त्याचा लाभ इग्निशन टायमिंग त्यानुसार पुढे घेतले तरच मिळतो. भारतात याहून महत्त्वाचा प्रश्न ई२० पेट्रोलचा आहे. त्यातील २० टक्के इथेनॉलमुळे आदर्श प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के अधिक इंधन लागते. संथ गतीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ईसीयू ही तूट भरून काढतो. परंतु पूर्ण ॲक्सिलरेटरला अनेक जुने ईसीयू सेन्सरकडे न पाहता केवळ साठवलेल्या तक्त्यानुसार इंधन देतात, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बेतलेला रिमॅप रोजच्या वापरात निर्दोष भासूनही, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरने पूर्ण भाराची नोंद घेतल्याखेरीज, त्यातील लीनपणा उघड होत नाही.