ठेव आठवणींची

२०२१ च्या दिवाळीतील प्रसंग आहे. सांगलीचे एक गृहस्थ भाऊबीजेसाठी साताऱ्याला बहिणीकडे आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. ओवाळणी आणि फराळ आटोपल्यावर दहा वर्षांच्या भाच्याला शेजारी बसवून त्यांनी मोठ्या हौसेने ‘ही-मॅन’ची नवी मालिका लावली. त्याच वर्षी जुलै महिन्यात ती नेटफ्लिक्सवर आली होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ज्याच्यासाठी मुले हातातला खेळ टाकून घरी धावत, तोच हा नायक. परंतु नव्या मालिकेचा पहिलाच भाग संपता संपता नायक मरण पावतो आणि कथेची सूत्रे त्याची सहकारी टीला हिच्या हाती जातात. मामांचा चेहरा उतरला. “हा आमचा ही-मॅन नव्हे,” असे म्हणून त्यांनी संच बंद केला. “यापेक्षा आमचा वेताळ शतपटीने बरा होता.”

भाच्याला मात्र मालिका आवडली होती. त्याने सहज विचारले, “मामा, वेताळ कोण? दाखव ना!”

मामा क्षणभर गप्प झाले. दाखवण्याजोगे त्यांच्यापाशी काहीच उरले नव्हते. लहानपणापासून जपलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक सांगलीच्या घरी एका पेटीत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले आणि त्या पेटीत केवळ लगदा राहिला. त्याच महापुरात सांगली नगर वाचनालयातही पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजले. सार्वजनिक ग्रंथालयाची झालेली हानी सर्वांना दिसली. घरोघरच्या पेट्यांतील हानीची नोंद कोठेच झाली नाही.

असा प्रसंग थोड्याफार फरकाने आज पुष्कळ घरांत घडत असेल. जुनी चित्रकथा किंवा कार्टून पडद्यावर नव्याने आले की त्यावर वाढलेली पिढी संतापते, आणि नव्या पिढीला त्या संतापाचे कारण उमगत नाही. “एका कार्टूनसाठी एवढे काय?” असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेला जातो. पण तो तितका क्षुल्लक नाही.

मूळ कोणते?

या संतापामागे एक गृहीत असते. ‘मूळ’ शुद्ध होते आणि नव्याने ते बिघडवले, असे रसिक मानतो. ते कितपत खरे आहे, हे आधी तपासले पाहिजे.

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला आणि १९९० मध्ये ही मालिका बंद पडली. तिच्यातील वेताळ मुळात ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’. भारतीय आवृत्तीत त्याच्या कल्पित देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ झाले, वर्तमानपत्रांतील चित्रपट्ट्या कापून अंकाच्या पानांत बसवल्या गेल्या आणि नायकाला आपल्या ओळखीचे नाव मिळाले. म्हणजे मामांनी प्राणपणाने जपलेले ‘मूळ’ हेच मुळी एक रूपांतर होते. ही-मॅनची गोष्टही निराळी नाही. एका अमेरिकन कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेली खेळणी आधी आली आणि दूरदर्शनवर दिसलेले कार्टून त्यामागून आले.

रूपांतराचे तर या कृष्णाकाठाला वावडे कधीच नव्हते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा घरोघरी श्रद्धेने ऐकली जाणारी रामकथा प्रथमच अशा रीतीने मराठी प्रेक्षकांसमोर उभी राहिली. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ला मराठी पोशाख चढवून ‘झुंझारराव’ केला. सातारा जिल्ह्यातील टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणून त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. या तिघांनीही दुसऱ्याची कथा घेतली आणि ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचवली. तेव्हा बदल केला म्हणून रूपांतर वाईट, असे म्हणता येणार नाही.

चिंटूचे मैदान

मराठी घरांपुरते बोलायचे तर चिंटूचे उदाहरण सर्वांत जवळचे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी दैनिक ‘सकाळ’मध्ये प्रथम अवतरला. तीन-चार चौकटी आणि एक हसू, एवढाच त्याचा संसार. आई, पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी रोज सकाळी चहाबरोबर घरात येत. पुष्कळ घरांत वडील अग्रलेखाकडे वळण्यापूर्वी मुले चिंटूचा ताबा घेत.

२०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चिंटू’ चित्रपट आला, आणि पुढच्याच वर्षी दुसरा. रेषांचा मुलगा हाडामांसाचा झाला की एक अडचण अटळ असते. वर्तमानपत्रातल्या चिंटूचा आवाज प्रत्येक वाचकाने आपापल्या मनात ठरवलेला असतो. पडद्यावर मात्र एकच आवाज, एकच चेहरा. शिवाय चार चौकटींच्या विनोदावर दोन तासांचा चित्रपट उभा राहत नाही. त्याला कथा लागते. पहिल्या चित्रपटात ती कथा मुलांच्या हातून जाणाऱ्या खेळाच्या मैदानाची होती.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये झोया अख्तर यांनी अमेरिकन ‘आर्ची’ चित्रकथा १९६४ च्या भारतातील एका कल्पित डोंगरी गावात आणली. तेथील पात्रे अँग्लो-इंडियन समाजातील झाली, आणि कथा उभी राहिली ती गावची बाग वाचवण्याच्या खटपटीवर. प्रसिद्ध कलावंतांच्या मुलांना भूमिका दिल्याबद्दल त्या चित्रपटावर टीकेची झोड उठली. पण चिंटूला काय आणि आर्चीला काय, लांब कथा देताना दोन्ही ठिकाणी मुलांची हक्काची जागाच आठवावी, यात काही अर्थ आहे. चित्रकथा ही वाचकाच्या बालपणातली अशीच एक मोकळी जागा असते. तेथे कोणी परका बांधकाम करू लागला की मन अस्वस्थ होते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चित्रकथेतला नव्हे, पुस्तकातला. पण फुरसुंगीचा हा सडपातळ, सायकलवेडा, ‘ट्टॉक’ करणारा शाळकरी मुलगा वाचकांच्या मनात चित्रासारखाच कोरलेला आहे. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण झाला. शाळकरी बन्या हरवल्याची हळहळ जुन्या वाचकाला वाटणे स्वाभाविक होते. तरीही चित्रपटात दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने स्वतः भा. रा. भागवत दिसतात, तेव्हा रूपांतरकाराने आपण कोणाचे देणे लागतो हे विसरलेले नाही, अशी खात्री पटते. बदल खपतो, विसर खपत नाही.

ठेवीदाराचा हक्क

रसिक आणि चित्रकथा यांचे नाते समजून घ्यायला ठेवीचा दाखला उपयोगी पडतो. कायद्याने पात्रांवर मालकी लेखकाची, प्रकाशकाची किंवा कंपनीची असते. वाचकाची कधीच नसते. परंतु वाचकाने त्या पात्रांत आपल्या बालपणाचे कित्येक तास गुंतवलेले असतात. ही ठेव कोणत्याही पासबुकात दिसत नाही, तरी ती खरी असते. संस्थेबद्दल शंका आली की दारात गर्दी कोण करतो? ज्याचे खाते आहे तो. ज्याचे काहीच गुंतलेले नाही, तो रस्त्याने सरळ निघून जातो. रसिकांचा आरडाओरडा हा या अर्थाने विश्वासाचाच पुरावा होय.

हा आवाज ऐकणाऱ्यांचे भले झाल्याची उदाहरणे आहेत. एप्रिल २०१९ मध्ये ‘सोनिक’ या निळ्या साळूच्या चित्रपटाची झलक आली, तेव्हा त्याचे माणसासारखे दात पाहून जगभरचे चाहते खवळले. निर्मात्यांनी प्रदर्शन पुढे ढकलले, पात्र नव्याने रेखाटले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आलेला चित्रपट लोकांनी उचलून धरला. ‘वन पीस’ या १९९७ पासून चालत आलेल्या जपानी चित्रकथेची मालिका नेटफ्लिक्सवर ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मूळ चित्रकार एइचिरो ओदा निर्मितीत अखेरपर्यंत सहभागी राहिले आणि त्या मालिकेचे स्वागत झाले. याउलट ‘काउबॉय बिबॉप’ची नवी मालिका नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि महिन्याच्या आतच ती पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय झाला. ‘अवतार’ या गाजलेल्या कार्टूनचे मूळ निर्माते तर मतभेदांमुळे २०२० मध्येच नव्या मालिकेतून बाहेर पडले होते.

तथापि ठेवीदाराच्या हक्कालाही मर्यादा आहे. पसंत न पडलेल्या कलाकाराच्या रूपावर, वर्णावर किंवा कुटुंबावर घसरणे, दुसऱ्याला आवडले म्हणून त्याला हिणवणे, ही टीका नव्हे. साताऱ्याच्या त्या भाच्याला नवी मालिका आवडली, यात त्याचा काय अपराध? आपला ही-मॅन त्याला याच मालिकेत प्रथम भेटला होता. उद्या तीस वर्षांनी कोणी ती बदलली, तर तोही मामांसारखाच रागावेल.

शांततेची काळजी

खरी काळजी करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ही-मॅन बिघडला म्हणून ओरड झाली, कारण त्याला ओळखणारे लोक आहेत. १९५२ मध्ये मराठीत सुरू झालेल्या ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाच्या चित्रांवर किती पिढ्या वाढल्या! आज एखाद्याने ती कथा पडद्यावर वेडीवाकडी मांडली, तर “हे आमचे नव्हे” असे म्हणणारी दहा वर्षांची किती मुले सापडतील? मूळ वाचलेच नसेल, तर चांगल्या-वाईट रूपांतरातला फरक कळणार कसा? कागद पुरात भिजतो, वाळवी त्याला खाते, अंक बंद पडतात. अशा वेळी पडदा हाच पुष्कळदा जुन्या कथेचा एकमेव आसरा ठरतो. म्हणून त्याला शत्रू मानून चालणार नाही. पण सर्वस्वी त्याच्यावर विसंबूनही चालणार नाही.

यासाठी घरी करता येण्याजोगा उपाय साधा आहे. मालिका लावण्यापूर्वी पुस्तक मुलाच्या हाती द्यावे. चिंटूचे संग्रह आणि फास्टर फेणेची पुस्तके उपलब्ध आहेत. घरात जुने अंक असतील तर ते उंचावरच्या कपाटात, कोरड्या जागी ठेवावेत आणि सुट्टीत बाहेर काढावेत. मग मालिका एकत्र पाहावी, आणि काय बदलले, का बदलले असेल, यावर मुलाचे मत आधी विचारावे. आपले मत नंतर सांगावे.

त्या दिवाळीत मामांनी दुसरे काही सुचेना म्हणून कागद-पेन्सिल मागवली. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, मुखवटा आणि सोबतचा लांडगा त्यांनी आठवेल तसा काढला. चित्र काही फार चांगले जमले नाही. मध्येच कथा विसरली तेथे त्यांनी स्वतःची भर घातली. भाचा मात्र ऐकत राहिला, आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याने आईला सांगितले की मामाचा वेताळ ही-मॅनपेक्षा चांगला आहे, फक्त त्याचा लांडगा कुत्र्यासारखा दिसतो.