हलक्या पानांचे दिवस

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत एक्का, राजा, राणी हाती आले की चेहरा खुलतो. पोकरच्या लोबॉल या प्रकारात मात्र राजा आला तर टाकून द्यायचा, जोडी जमली तर मोडायची, आणि शेवटी ज्याच्याकडे सर्वांत हलकी पाने उरतील त्याने डाव जिंकायचा. विसाव्या शतकात कित्येक दशके कॅलिफोर्नियाच्या पत्ते-क्लबांत हा खेळ रोज रंगत होता. आज पोकर म्हटले की डोळ्यांसमोर टेक्सास होल्डेम येतो आणि लोबॉल मोजक्या जाणकारांपुरता उरला आहे. तो मागे का पडला, आणि मागे पडूनही संपला का नाही, हे कळायचे तर त्याचे नियम आणि त्याचा इतिहास एकत्रच पाहायला हवेत. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

कायद्याने दिलेली जागा

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 1885 मध्ये बंदी असलेल्या जुगारांच्या यादीत ‘स्टड-हॉर्स पोकर’ हे नाव घातले. पुढे 1911 मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल युलिसिस वेब यांनी मत दिले, की स्टड पोकर या बंदीत येतो, पण ड्रॉ पोकर येत नाही, कारण तो कौशल्याचा खेळ आहे. स्टडमध्ये काही पाने उघडी वाटतात आणि मिळालेली पाने बदलता येत नाहीत. ड्रॉमध्ये सगळी पाने झाकलेली असतात आणि नकोशी पाने टाकून नवी घेता येतात. निवड खेळाडूच्या हाती, म्हणून कौशल्य, असा तो विचार होता. या एका मतामुळे पुढची पंचाहत्तर वर्षे कॅलिफोर्नियात उघडपणे खेळता येणारे पोकर म्हणजे ड्रॉ पोकर, असे ठरून गेले. त्याचे दोन प्रकार होते. एकात भारी पाने जिंकत, दुसऱ्यात हलकी. हा दुसरा प्रकार म्हणजे लोबॉल.

त्याला खरे घर मिळाले लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या गार्डिना या छोट्या शहरात. अर्नेस्ट प्रिम यांनी 1936 मध्ये तिथे क्लब उघडला. हळूहळू नॉर्मंडी, मॉन्टेरी, रेनबो, हॉर्सशू अशी नावे त्यात आली आणि सहा क्लबांचे हे गाव अमेरिकेतल्या पोकरची राजधानी म्हणून ओळखले जाऊ लागले. क्लब कोणाच्या जिंकण्या-हरण्यात भागीदार नसे. तो खुर्चीचे भाडे घेई, दर अर्ध्या तासाला. पत्तेही खेळाडूच आळीपाळीने पिसत आणि वाटत. डेव्हिड हयानो या मानववंशशास्त्रज्ञाने याच क्लबांत वर्षानुवर्षे खेळून, तिथल्या नेहमीच्या खेळाडूंचे जगणे ‘पोकर फेसेस’ या 1982 च्या पुस्तकात मांडले. पत्ते खेळणाऱ्यांकडे एक समाज म्हणून इतक्या आस्थेने पाहणारी पुस्तके फार थोडी आहेत.

डाव कसा चालतो

गार्डिनातला लोबॉल ‘एस टू फाइव्ह’ प्रकारचा. कॅट 52 पानांचा, त्यात एक जोकर घालून 53 करत. प्रत्येकाला पाच झाकलेली पाने मिळतात. मग पहिली बोली. पाने सोडायची, लागलेली रक्कम भरून टिकायचे, की ती वाढवायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. जे टिकले ते नकोत तेवढी पाने टाकतात आणि तितकीच नवी घेतात. ज्याला एकही पान बदलायचे नाही तो टेबलावर टकटक करतो. याला ‘पॅट’ राहणे म्हणतात. त्यानंतर दुसरी बोली, आणि मग पाने उघडायची.

इथे एक्का सर्वांत लहान. सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी त्याने काही बिघडत नाही, तो मोजलाच जात नाही. म्हणून एक्का-2-3-4-5 ही सर्वश्रेष्ठ पाने. त्यांना ‘व्हील’ किंवा ‘बायसिकल’ म्हणतात. जोकर हाती आला तर तो आपल्याकडे नसलेल्या सर्वांत लहान पानाची जागा घेतो. नवख्याचा गोंधळ होतो तो तुलनेत. तुलना नेहमी सर्वांत मोठ्या पानापासून सुरू होते. 8-6-4-2-एक्का आणि 8-5-4-3-2 यांत दुसरी पाने जिंकतात, कारण अठ्ठी दोघांकडे आहे आणि पुढे पंजी छक्कीपेक्षा लहान आहे. पहिल्याकडे एक्का आहे, पण तिथपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

आता थोडे गणित, कारण या खेळाचा सगळा रस त्यात आहे. जोकर नसलेल्या कॅटमधून पाच पानांच्या 25,98,960 जोडण्या होतात. त्यांतल्या व्हील फक्त 1,024, म्हणजे साधारण अडीच हजार डावांत एक. वाटतानाच अठ्ठी किंवा त्याहून चांगली पाने मिळण्याची शक्यता पंचेचाळीसात एक, नव्वीची वीसात एक. म्हणजे बहुतेक वेळा आपण अर्धवट पानांवर उभे असतो. समजा हाती एक्का-2-3-4 आणि राजा आहे. राजा टाकला. न दिसलेल्या 47 पानांपैकी 5 ते 8 मधली 16 पाने आपल्याला अठ्ठी किंवा त्याहून चांगले देतील, म्हणजे 34 टक्के. नव्वीही धरली तर 20 पाने, सुमारे 43 टक्के. म्हणून जाणकारांचा पहिला धडा असा, की एक पान बदलून जमेल अशी, किंवा जमलेलीच पाने घेऊन डावात उतरा. तीन पाने बदलायची वेळ येणार असेल तर पाने आधीच खाली ठेवा.

दुसरा धडा बसण्याच्या जागेचा. समोरच्याचे एकही पान दिसत नाही, त्याने किती पाने बदलली एवढेच कळते. समजा आपल्याकडे दश्शीची जमलेली पाने आहेत, पण दश्शी टाकली तर खाली चार हलकी पाने उरतात. समोरच्याने एक पान बदलले तर पॅट राहावे. दश्शीच्या खाली येण्याची त्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून कमी आहे. तोच जर पॅट राहिला तर आपली दश्शी बहुधा हरलेली आहे, ती टाकून नवे पान घ्यावे. हा निर्णय शेवटी बोलणाऱ्याला डोळे उघडे ठेवून घेता येतो, आधी बोलणाऱ्याला अंदाजाने. जागा वाईट असेल तर चांगली पानेही सोडायला शिकणे, हीच या खेळातली परिपक्वता.

आणि मग थाप. हाती काहीच नसताना टेबलावर टकटक करून पॅट राहायचे आणि दुसऱ्या बोलीत जोर लावायचा, याला ‘स्नो’ म्हणतात. याच्या उलट, चांगली पाने लपवण्यावर वचक म्हणून क्लबांचे नियमही होते. मर्यादित बोलीच्या खेळात सत्ती किंवा त्याहून चांगली पाने असताना ड्रॉनंतर बोली लावली नाही, तर त्या फेरीत पुढे लागलेली रक्कम त्या खेळाडूला जिंकता येत नसे. चांगली पाने दडवून दुसऱ्याला फसवण्याला असा आळा बसे. वर्षानुवर्षे एकाच टेबलावर भेटणाऱ्या माणसांनी आपापसांत राखलेली ही सभ्यता होती, आणि मला ती फार मोलाची वाटते.

लास व्हेगासचे कठीण रूप

नेवाडात दुसरा प्रकार रुजला, ‘ड्यूस टू सेव्हन’ किंवा कॅन्सस सिटी लोबॉल. यात एक्का सर्वांत मोठा, आणि सिक्वेन्स व कलर विरोधात जातात. म्हणून सर्वोत्तम पाने 7-5-4-3-2, वेगवेगळ्या रंगांची. 2-3-4-5-6 दिसायला हलकी, पण तो सिक्वेन्स आहे, म्हणून जवळजवळ नक्की हरणारी. इथे हाती 2-3-4-7 असताना एक पान बदलले तर अठ्ठी किंवा त्याहून चांगले मिळण्याची शक्यता चारात एकच उरते. त्यात बोलीला मर्यादा नसली की एका निर्णयावर समोरची सगळी रास जाऊ शकते.

लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत 1970 साली सुरू झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये हा खेळ लवकरच मानाचा ठरला. डॉयल ब्रन्सन यांनी 1976 मध्ये मुख्य स्पर्धेबरोबर ड्यूस टू सेव्हनही जिंकला. स्टू अंगर यांनी 1981 मध्ये तीच कामगिरी केली. ब्रन्सन यांच्या 1978 च्या ‘सुपर/सिस्टिम’ या ग्रंथात लोबॉलला स्वतंत्र प्रकरण मिळाले. ते लिहिले जोई हॉथॉर्न यांनी.

पण या खेळाचे नाव निघाले की पहिला मान बिली बॅक्सटर यांचा. 1975 ते 2002 या काळात त्यांनी वर्ल्ड सिरीजच्या विजेत्याला मिळणारी सात ब्रेसलेट जिंकली, सातही हलक्या पानांच्या खेळांत. त्यांनी आणखी एक लढाई जिंकली. अमेरिकेचे सरकार त्यांच्या कमाईवर बिनकष्टाच्या उत्पन्नाचा 70 टक्क्यांपर्यंतचा कर लावत होते. बॅक्सटर यांचे म्हणणे होते, की ही श्रमाची कमाई आहे, तिच्यावर 50 टक्क्यांची मर्यादा लागू व्हावी. नेवाडातल्या संघीय न्यायालयाने 1986 मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले. वेब यांनी 1911 मध्ये ज्याला कौशल्य म्हटले होते, त्यावर पंचाहत्तर वर्षांनी न्यायालयाचीही मोहोर उमटली.

उतरण आणि पुनर्जन्म

नेमके त्याच सुमारास पायाखालची जमीन सरकली. कॅलिफोर्नियात 1987 मध्ये होल्डेमला वाट मोकळी झाली, आणि होल्डेम म्हणजे स्टड-हॉर्स पोकर नव्हे हे अपील न्यायालयाने 1990 मध्ये पक्के केले. मेसन माल्मुथ यांचे ड्रॉ आणि लोबॉलवरचे महत्त्वाचे पुस्तक 1987 चेच. ज्या वर्षी या खेळाचे शास्त्र नीट लिहिले गेले, त्याच वर्षी त्याचे खेळाडू दुसऱ्या टेबलांकडे वळू लागले. 1983 मध्ये उघडलेला कॉमर्स आणि 1984 चा बायसिकल क्लब ही मोठी घरे होल्डेमची झाली. बायसिकल हे लोबॉलच्या सर्वश्रेष्ठ पानांचे नाव, पण ते मिरवणाऱ्या क्लबातही लोबॉल मागे पडला.

माझ्या मते याची कारणे खेळाच्या दर्जाशी संबंधित नाहीत. होल्डेममध्ये चार बोल्या, लोबॉलमध्ये दोन. होल्डेममध्ये पाच पाने सर्वांसमोर उघडी असतात, त्यामुळे नवख्याला आशा वाटते आणि प्रेक्षकाला कथा दिसते. लोबॉलमध्ये संयम नसलेला माणूस लवकर हरतो आणि पुन्हा येत नाही. पुढे खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणारे छुपे कॅमेरे आले, 2003 मध्ये वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेतल्या ख्रिस मनीमेकर यांच्या विजयाने दूरचित्रवाणीवरचे पोकर घराघरांत गेले, आणि झाकल्या पानांचा खेळ त्या लाटेत दिसेनासा झाला.

तरी तो संपला नाही. ‘ट्रिपल ड्रॉ’ या रूपाने तो परत आला. तीनदा पाने बदलायची आणि चार बोल्या करायच्या, त्यामुळे दर फेरीला समोरच्याच्या बदललेल्या पानांची संख्या वाचता येते: आधी तीन, मग एक, मग टकटक. जॉन जुआंडा यांनी 2002 मध्ये एस टू फाइव्ह ट्रिपल ड्रॉचे ब्रेसलेट जिंकले. ‘सुपर सिस्टिम 2’ मध्ये या खेळाचे प्रकरण डॅनियल नेग्रेआनू यांनी लिहिले. 50,000 डॉलर प्रवेशशुल्काच्या पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये 2010 पासून ड्यूस टू सेव्हन ट्रिपल ड्रॉ आठ खेळांपैकी एक झाला. होल्डेमसाठी ओळखल्या जाणाऱ्या फिल हेल्म्युथ यांनी 2021 मध्ये आपले सोळावे ब्रेसलेट मिळवले ते ड्यूस टू सेव्हनमध्येच. सर्वांगीण खेळाडू कोण, हे ठरवताना आजही हलक्या पानांची परीक्षा घेतली जाते.

आपल्याकडे याची चव अगदीच अनोळखी नाही. तीन पत्तीतला मुफलिस हलक्या पानांचाच खेळ, आणि त्यातली सर्वोत्तम पाने 2-3-5, कारण 2-3-4 हा सिक्वेन्स होतो. सात-पाच-चार-तीन-दोनमागे हाच विचार आहे. फरक इतकाच, की मुफलिसमध्ये पाने बदलता येत नाहीत, त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा राहतो. कौशल्य की नशीब, हा वाद आपल्या न्यायालयांनीही केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून ऑनलाइन खेळायचे सगळेच खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले.

म्हणून हा खेळ शिकायचा तर पैशांवाचून शिकावा, आणि तो जरूर शिकावा. एक कॅट, पाच-सहा जण आणि प्रत्येकी पन्नास चिंचोके पुरतात. आधी एस टू फाइव्ह खेळा, तुलना अंगवळणी पडली की ड्यूस टू सेव्हनकडे वळा. जमणार नाहीत ती पाने बिनदिक्कत सोडा, आणि समोरच्याने किती पाने बदलली हे प्रत्येक डावात लक्षात ठेवा.