एक कोयता, चार हात

दसरा-दिवाळीचे दिवस आले की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील पाथर्डी व शेवगाव या तालुक्यांतील कित्येक घरांना कुलपे लागू लागतात. पावसाच्या भरवशावरची बाजरी घरात येते न येते तोच भांडी, अंथरुणे, शेळ्या व लहान मुले यांसह कुटुंबे वाहनांत बसतात आणि ऊसतोडीस निघतात. याच जिल्ह्याच्या उत्तरेस प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांनी भिजलेला मुलूख आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमांनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. एकाच जिल्ह्याच्या एका अंगास ऊस आणि दुसऱ्या अंगास ऊस तोडणारे हात, अशी ही विषम वाटणी आहे. परंतु विषमतेची आणखी एक वाटणी त्या वाहनात बसलेल्या कुटुंबाच्या आतही आहे. ती सहसा नजरेस येत नाही, म्हणून तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

ऊसतोडीच्या व्यवहारात मजुराची गणती माणसांनी होत नाही, ती कोयत्यांनी होते. नवरा व बायको मिळून एक कोयता. एकटा मनुष्य असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम हंगामापूर्वी जी उचल देतो ती कोयत्याला देतो. व्यवहार नवऱ्याशी ठरतो आणि पैसा त्याच्याच हाती पडतो. पुढे उसाचे वजन होते, टनावर मजुरी निघते, तीतून उचल वळती होते, आणि हिशेब पुन्हा त्या एकाच नावावर लिहिला जातो.

आता त्या एका कोयत्यात काम कसे वाटलेले असते ते पाहू. नवरा ऊस तोडतो. बायको तोही तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन वाहनापाशी नेते. कित्येकदा उभ्या केलेल्या फळीवरून चढून मोळी वर टाकावी लागते. परंतु तिचा दिवस फडात सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. पहाटे, अंधार असतानाच, पाणी आणणे, भाकऱ्या थापणे, मुलांचे पाहणे हे उरकून ती फडात येते. परतल्यावर पुन्हा चूल. कोपीत न्हाणीघर नाही, शौचकूप नाही, आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही लांब. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो व त्याचे पैसे कापले जातात. बाळंतपण, आजार, मासिक धर्म यांची त्या हिशेबात नोंद नाही.

स्त्रीवाद म्हणजे पुरुषांशी वैर, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो समज ज्यांनी ते विचार वाचलेच नाहीत त्यांनी पसरविला असावा. वस्तुतः स्त्रीवादी दृष्टीचा आरंभ एका साध्या प्रश्नापासून होतो : मोजमाप कोणाचे झाले आणि कोणाचे राहिले? अर्थशास्त्रज्ञ दीर्घकाळ कुटुंब हे एकच माणूस असल्याप्रमाणे धरीत आले. घरात इतके रुपये आले, इतके खर्च झाले, एवढ्यावर त्यांचे गणित थांबे. घराच्या आत कोणी किती राबले, कोणी किती खाल्ले, पैसा कोणाच्या गाठीस राहिला, हे प्रश्न त्यांनी खाजगी म्हणून बाजूस ठेवले. स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमके तेच दार उघडले. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असले काम मुळात करणारे पुरुषच थोडे.

आपल्या शाळांतून काळ-काम-वेगाची उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली : इतके पुरुष किंवा तितक्या स्त्रिया एक काम अमुक दिवसांत करतात, इत्यादी. त्यांत स्त्रीचे काम बहुधा पुरुषाहून कमी धरलेले असे आणि मुलांना त्यात काही वावगे वाटत नसे. तरी त्या उदाहरणांत स्त्री निदान वेगळी मोजली जाई. कोयत्याच्या गणितात ती मुळी दिसतच नाही.

यावर कोणी म्हणेल की नवरा-बायकोत हिशेब कशाला? संसार दोघांचा, पैसा दोघांचा. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी लावलेला आहे. हिशेब आधीच ठेवला जात आहे. तो मुकादमाच्या वहीत आहे. फक्त तो एका नावावर आहे. नवरा पैसा दारूत घालवो की अर्ध्या हंगामात मरो, उचल फेडण्याचे ओझे बायकोच्या अंगावर येऊन पडते. आणि ती एकटी राहिली की अर्ध्या कोयत्याची धनीण ठरते. कर्जात वाटा पुरा आणि मिळकतीत नाव नाही, याला संसाराची एकी म्हणता येत नाही.

कायद्याने काही केले नाही असे मुळीच नाही. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. परंतु येथे मजुरी पुरुषाचीही नव्हे आणि स्त्रीचीही नव्हे, कोयत्याची आहे; तेव्हा समान कोणाशी कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो बायाबापड्या सरकारी कामांवर खडी फोडीत होत्या. त्या अनुभवातून वाढलेल्या योजनेस १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने आधार मिळाला. त्या कामांच्या हजेरीपटावर स्त्रीचे नाव स्वतंत्र चढे. मजुरी थोडी होती, पण ती तिच्या नावाने होती.

कोयत्याच्या रीतीचे परिणाम फडापुरते राहत नाहीत. लग्न झालेल्या मुलास पुरी उचल मिळते, म्हणून मुलींची लग्ने घाईने उरकली जातात. आईबापांबरोबर गेलेली मुलगी धाकटी भावंडे सांभाळते आणि तिची शाळा सुटते. साखरशाळा निघाल्या, पण त्या सर्वांना पुरल्या नाहीत. सर्वांत दारुण गोष्ट शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली उघडकीस आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. दुखणे, अज्ञान, डॉक्टरांचा लोभ आणि खाडा पडण्याचे भय ही सारी कारणे त्यात गुंतलेली आहेत. ज्या हिशेबात शरीराला जागा नाही तेथे शरीरच हिशेबाप्रमाणे कापून घेतले जाते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. सर्व स्त्रियांचे दुःख एकसारखे नसते. उसाच्या मळ्याच्या मालकिणीस आणि तो ऊस तोडणारणीस ‘स्त्री’ या एकाच शब्दात कोंबले की पुष्कळ काही लपते. हे ज्ञान परदेशातून आलेले नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली, आणि ते पत्र १८४२ साली याच अहमदनगरात निघालेले. डोक्यावर छप्पर नसताना आपल्या जातीच्या बायका कशा बाळंत होतात, हे तिने त्यात सांगितले. जात, दारिद्र्य आणि बाईपण ही तीन ओझी एकाच पाठीवर कशी येतात, हे तिने पंडितांच्या कितीतरी आधी मांडले. ऊसतोडीच्या कोपीत होणारी बाळंतपणे पाहिली म्हणजे तो निबंध जुना वाटत नाही.

जिल्ह्यास २०२४ पासून ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. होळकरांच्या घरी खासगीची जहागीर स्त्रीच्या नावे वेगळी होती. १७३४ साली ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस मिळाली व पुढे अहिल्यादेवींकडे आली. देशभर त्यांनी जे घाट व देवळे बांधली त्यांचा खर्च या खासगीतून झाला. म्हणजे बाईचा हिशेब निराळा ठेवणे ही नवी टूम नव्हे; मोठ्या घरांत ती रीत होती.

ऊसतोड स्त्रियांत काम करणाऱ्या संघटनांची मागणीही याहून फार वेगळी नाही : नोंद दोघांची स्वतंत्र व्हावी, मजुरी तिच्या खात्यात पडावी, फडाजवळ पाणी व शौचकूप असावे, बाळंतपणाची रजा खाड्यात धरू नये. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढ टनामागे होती. मोजणी कोयत्याचीच राहिली.